रूळ उपटले तो हंगाम

दिवाळी उलटली की आमच्या दारव्ह्याच्या हवेत पऱ्हाटीचा, म्हणजे उभ्या कपाशीचा, वास उतरतो. कच्च्या बोंडाचा तुरट, पानांवर बसलेल्या औषधाचा कडवट, आणि ऊन चढलं की दोन्हींत मिसळणारा धुळीचा. सकाळी स्टुडिओचं शटर वर केलं की गिऱ्हाइकाच्या आधी हा वास आत येतो. वेचणीला निघालेल्या बायका कमरेला फडकी बांधून समोरच्या रस्त्यानं जात असतात. कुणाच्या तरी मोबाइलवर गाणं वाजत असतं. मी काउंटर पुसत असते, आणि दर वर्षी, अगदी न चुकता, मला त्या वासात तापलेल्या लोखंडाचाही वास येतो. आता गावात कुठं लोखंड कापलं जात नाही. तरी येतो.

तो हंगाम बोंडअळीचा होता. बोंडं वरून हिरवीगार, भरलेली. पाहणाऱ्याला वाटावं, यंदा कापूस ठेवायला घर पुरणार नाही. पण हाताच्या चिमटीत फोडलं की आत गुलाबी अळी आणि तिनं खाऊन पिवळा, चिकट केलेला कापूस. वेचणाऱ्या बायका त्याला कवडी म्हणतात. सरकी सुटत नाही, धागा ओढला तर तुटतो. माणसं बोंडामागून बोंड फोडून पाहत होती आणि फेकून देत होती. संक्रांतीची वाट न पाहता लोकांनी उभी पऱ्हाटी उपटायला काढली. धुऱ्याधुऱ्यावर, वावरांच्या बांधांवर तिचे ढीग पेटले. जिनिंगची यंत्रं गप्प होती. नेहमी या दिवसांत त्यांचा आवाज अंगवळणी पडलेला असतो. तो नव्हता म्हणून संध्याकाळी गाव उगीच मोठं झाल्यासारखं वाटायचं.

लग्नं पुढं ढकलली गेली. लग्नं नाहीत तर फोटो स्टुडिओत काय असणार? अब्बा आयुष्यभर या गावाची लग्नं टिपत आले होते. हळदीतल्या बायका, घोड्यावरचा नवरदेव, निकाहनाम्यावर सही करताना खाली झुकलेली मान. त्या वर्षी ते दुकानात बसून लेन्स पुसायचे आणि परत डब्यात ठेवायचे. त्यांचे हात कापायला लागले होते. ते कबूल करत नव्हते, मीही विषय काढत नव्हते. मी मराठीत बीए करून घरीच होते, कॉम्प्युटरवरचं काम पाहत होते.

अशात छोट्या लाईनीचं काम आलं.

आमची छोटी लाईन म्हणजे अरुंद रुळांची, मुळात कापूस वाहायला टाकलेली. तिच्यावरची गाडी इतकी हळू चालायची की पोरं उतरून बोरं तोडत आणि पळत येऊन पुन्हा चढत. कुणी हात केला तर ती वावरातही थांबायची. नंतर ती कधी धावायची, कधी नाही, आणि एका वर्षी बंदच झाली. रुळांमध्ये गवत वाढलं, बाभळी आल्या. आणि आता ते रूळ काढायचे ठरले होते. ज्या ठेकेदाराला काम मिळालं त्याला प्रत्येक टप्प्याचे दोन फोटो हवे होते. एक रूळ असतानाचा, एक काढल्यावरचा. काम झाल्याचा पुरावा म्हणून.

अब्बांनी हो म्हटलं आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. म्हणाले, "तू काढ. मी संगं येतो."

रोज सकाळी मी स्कूटी चालवायची, अब्बा मागे तिपाई मांडीवर आडवी धरून बसायचे. लाडखेडच्या दिशेनं वावरांतल्या चाकोरीनं जायचं आणि जिथं रूळ काढणारी टोळी पोचली असेल त्याच्या पुढचा भाग आधी टिपून ठेवायचा. पहिल्या दिवशी मी नुसते रूळ घेतले. दोन गंजलेल्या रेघा, मधे गिट्टी. अब्बांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं आणि मान हलवली.

"हे कुठचे रूळ आहेत?"

"आपल्याच लाईनीचे ना, अब्बा."

"ते तुले माहीत. फोटोले माहीत आहे काय? मागची टेकडी घे, झाड घे, एखादा खांब घे. जागा दिसली पाहिजे, बेटा. लोखंड तं साऱ्याच दुनियेत आहे."

मग मी तसे काढायला लागले. कॅमेरा खाली, जवळजवळ जमिनीला टेकवून. मागं टेकडी, बाजूला बाभूळ, मोरीचा दगडी कठडा. ठेकेदाराला याची काही गरज नव्हती. त्याच्या सुपरवायझरला फोटोत पहिल्यांदा रूळ दिसले आणि दुसऱ्यांदा दिसले नाहीत की पुरे होतं.

रूळ काढणारी माणसं फार लांबून आलेली होती. त्यांच्यात आपसात बोलायची भाषा आम्हाला कळत नव्हती. गॅस कटरची निळी जीभ रुळाला लागायची, आधी धूर, मग ठिणग्या, आणि मग तो तुकडा बाजूला पडायचा. त्याचा आवाज घंटेसारखा असेल असं मला वाटलं होतं. तसा नव्हता. दप्प असा, धान्याचं पोतं पडावं तसा, कारण रुळाच्या आत इतकी वर्षं जमिनीचा ओलावा शिरला होता, असं अब्बा म्हणायचे. खरं काय कोण जाणे. रुळांखालचे लाकडी स्लीपर निघाल्यावर खाली ओलसर काळी माती दिसायची, तिथं सापाची एखादी कात, गोगलगायींचे रिकामे शंख, एकदा एका बाईचं फुटकं हिरवं काकण. रुळाच्या माथ्यावर गंज असला तरी कडेची आतली बाजू अजून गुळगुळीत होती. चाकांनी घासलेली.

एका बाजूला पऱ्हाटी उपटली जात होती, दुसऱ्या बाजूला रूळ. दोन्हीचा धूर एकत्र होऊन टेकडीच्या पायथ्याशी थांबायचा.

बघायला लोक यायचे. म्हातारे यायचे, रुळावर काठीनं ठकठक करून जायचे. कुणी स्लीपरचं लाकूड मिळतं का म्हणून विचारायचं. आणि एक बाई रोज यायची. कमरेला वेचणीचं रिकामं फडकं, पायात प्लॅस्टिकच्या चपला, साठीच्या आसपासची. ती काही मागत नसे, कुणाशी बोलत नसे. टोळीपासून थोडी दूर, गिट्टीवर बसून राहायची. टोळी पुढं सरकली की तीही सरकायची. अब्बांना वाटलं, तिला फोटो हवा असेल आणि संकोच होत असेल.

"बाई, रुळासंगं फोटो काढून देऊ काय?"

"नाई जी," ती म्हणाली. "मी अशीच येते. यंदा वेचायले काही हायच नाई तं घरी बसून काय करू?"

तिचं नाव कमळाबाई. लाईनीलगतच्या बोरीची. एवढंच कळलं. मग टोळी पुढं गेली, आम्हीही गेलो, आणि बोरीच्या बाजूचे नंतरचे फोटो काढायला पुन्हा गेलो तेव्हा ती दिसली नाही.

पुढं बऱ्याच दिवसांनी ती एका दुपारी स्टुडिओत आली. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर, हातात काही नाही. दारातच उभी राहिली. मी खुर्ची दिली तर बसली नाही.

"भाईजी, तुमच्यापाशी लाईनीचे फोटो हायेत ना? रूळ होते तवाचे?"

"आहेत ना बाई. काहून?"

"मले एक जागा पाहाची हाय."

अब्बांनी तिला बसवलं, मी पाणी आणलं. ती सगळं पाणी प्यायली, मग पेला दोन्ही हातांत धरून बोलायला लागली. आवाज न चढवता, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

तिचं पहिलं बाळंतपण. माहेर यवतमाळच्या बाजूचं. सासरा तिला गाडीनं माहेरी पोचवायला निघाला होता. दिवस भरलेले नव्हते, पण गाडीतच कळा सुरू झाल्या. डब्यातल्या बायकांनी लुगड्यांचे आडोसे केले. पोरगा झाला. रडला नाही, थोडा वेळ श्वास घेतला आणि मग तोही घेईना. गार्डाला कळलं. सासऱ्यानं हात जोडून सांगितलं की आता पुढं नेऊन काय करू? गाडी तिथंच, वावराच्या मधोमध थांबवली. माणसं उतरली. कुणाच्या तरी बैलबंडीतून कुदळ आणली. लाईनीच्या कडेला लेकराला माती दिली, आणि तोवर गाडी थांबून राहिली. एकही माणूस उशीर होतो म्हणून बोलला नाही.

"मले उतरू देल्लं नाई बायकाईनं," ती म्हणाली. "म्हने, ओली बाळंतीण, उतरू नोको. मी खिडकीतून पाह्यलं. मानसाईच्या पाठीच दिसल्या मले. त्याच्या बाजूले तो लोखंडी खांब, आकडा लिवलेला. मंग गाडी सुटली."

पेला खाली ठेवून म्हणाली, "त्याचं तोंड पाह्यलं होतं मी. पन आता ध्यानात नाई. जागा मात्र ध्यानात व्हती."

पुढं माहेरी जाताना प्रत्येक वेळी ती त्याच बाजूच्या खिडकीशी बसायची. गाडी बंद झाल्यावर वेचणीला जाता-येता लाईनीवरून चालत जायची, खांबाजवळ क्षणभर थांबायची. घरात हे कुणाला माहीत नव्हतं. नवऱ्यापाशी एकदा बोलली तर तो उठून बाहेर गेला होता, तेव्हापासून बोलली नाही. रूळ निघायला लागले तेव्हा ती रोज येऊन बसली ती यासाठीच. तो खांब ठेवा म्हणून सांगायचं होतं. पण त्या परक्या बोलीच्या माणसांना काय सांगणार, आणि कसं? नेमका मधे ताप आला. उठून गेली तोवर खांब नव्हता, बाभूळ नव्हती, गिट्टीही उचलून नेली होती. सगळं सारखं.

"सापडूनच नाई राह्यलं," ती म्हणाली, आणि तेव्हा पहिल्यांदा तिचा आवाज फाटला. "दोनदा जाऊन आली. एकदा वाटते इथं, एकदा वाटते तिथं."

मी कॉम्प्युटर सुरू केला. बोरीच्या बाजूचे फोटो एकेक करून दाखवायला लागले. तिला काहीच ओळखू येईना. मी रुळांच्या मधे बसून समोर पाहत फोटो काढले होते, तिनं आयुष्यभर ती जागा आडवी, खिडकीतून पाहिली होती. मग अब्बांना सुचलं. ते म्हणाले, "बाई, रुळाकडं पाहूच नका. मागं टेकडी पाहा. तुमच्या खिडकीतून टेकडी कशी दिसे?"

"मधून बसलेली. बैलाच्या पाठीवानी."

पुढच्या कितीतरी फोटोंत टेकडी सपाट होती. मग ती हळूहळू मधून बसायला लागली. एका फोटोत उजव्या कडेला बाभळीच्या सावलीत अर्धा लपलेला खांब होता. मी तो भाग मोठा केला. कमळाबाईनं बोट पडद्याकडं नेलं आणि टेकवायच्या आधीच मागं घेतलं. पदर तोंडाशी धरून बसून राहिली. अब्बा उठून बाहेर गेले आणि उगीच शटरच्या कडीशी काहीतरी करत राहिले.

त्याच दुपारी आम्ही ऑटो करून गेलो. हातात फोटोच्या प्रती होत्या. लाईन होती तिथं आता नुसती उंचवट्याची एक पट्टी होती आणि शेजारच्या वावरवाल्यानं आपला ट्रॅक्टर त्या पट्टीवरही चालवायला घेतला होता. त्याची पऱ्हाटी उपटून झाली होती, रान मोकळं करत होता. आम्हाला पाहून त्यानं इंजिन बंद केलं.

अब्बांनी फोटो डोळ्यांसमोर धरला. हात इतका हलत होता की टेकडी आणि फोटो जुळेना. मी त्यांच्या हाताखाली माझा हात धरला. ते एक डोळा मिटून पाहत राहिले, मला मागे, पुढे, डावीकडे सरकायला सांगत राहिले. "बस. आता दोन पावलं मागं. टेकडीची खोच त्या निंबाच्या शेंड्यावर आली पाहिजे. थांब." मग ते स्वतः चालत गेले आणि एका जागी उभे राहिले.

"इथं, बाई."

"पक्कं?"

अब्बांना हो म्हणता आलं असतं. मला वाटलं, म्हणतील. पण ते म्हणाले, "टेकडी पक्की आहे. जमिनीचं म्हणाल तं चार हात इकडं-तिकडं होऊ शकते. खोटं कायले सांगू?"

कमळाबाई त्या मातीकडं पाहत होती. "चार हाताचं काय घेऊन बसले भाईजी? आजवर मी तं गाडीतूनच पाहत होती."

ती खाली बसली. मातीवरून हात फिरवला, जसा निजलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवतात तसा, एकदाच. अब्बांनी थोडं दूर उभं राहून दोन्ही तळहात वर केले आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटले, आमच्यात कबरीपाशी म्हणतात ते. तिनं पाहिलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. लांब कुठंतरी पऱ्हाटीचा ढीग तडतडत जळत होता.

ट्रॅक्टरवाला जवळ आला. "कायचं शोधून राह्यले जी?" अब्बांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. तरुण माणूस होता. त्यानं डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला. म्हणाला, "मावशे, एवढा तुकडा मी सोडून देतो. नाई चालवत ट्रॅक्टर."

"नोको रे बाप्पा," ती म्हणाली. "पडीक नोको ठिवू. पेर तू. काहीतरी उगवलेलं असलं तं बरं वाटते."

निघताना तिनं मला विचारलं, "माय, आता काढशीन काय माहा फोटो?"

मी कॅमेरा घेतला. ती मातीवरच बसली, पाय दुमडून, आणि थोडी डावीकडं सरकली. चौकटीत ती एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला नुसती जमीन असं दिसायला लागलं. मी सवयीनं म्हटलं, "मावशी, जरा मधे या."

"नाई माय. मी बराबर बसली."

मला कळलं नाही. मी पुन्हा सांगणार तेवढ्यात अब्बांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे," ते म्हणाले. "काढ." तेव्हा कळलं.

ठेकेदाराला त्याचे सगळे फोटो दिले. आधीचे आणि नंतरचे. सुपरवायझरनं भराभर पाहिले आणि काम बरोबर झाल्याचं सांगितलं. नंतरच्या फोटोंत खरोखर काहीच नव्हतं. मी कधी कधी ते उघडून बघते. रिकामं रान, मागं टेकडी. आपण म्हणतो की फोटो आठवण धरून ठेवतो. मला आता तसं वाटत नाही. आठवण माणसालाच धरावी लागते, तीही बऱ्याचदा एकट्यानं, कुणाला न सांगता, दर खेपेला खिडकीशी जागा मिळवून. फोटो फार तर टेकडी कुठं होती ते सांगतो.

पुढच्या हंगामात त्या पट्टीवर तूर उभी होती. कमळाबाई बाजाराला आली की स्टुडिओत डोकवायची, "फुलावर आली हो तूर," असं अब्बांना सांगून जायची. ती असं सांगायची जणू त्यांच्याच वावरातली गोष्ट आहे. अब्बाही तसंच ऐकायचे. मग अब्बा गेले. ती आली, माझ्याजवळ बसली आणि माझा हात धरून ठेवला. कापूस कधी बरा आला, कधी नाही आला. भाव कधी होता, कधी नव्हता. लग्नं पुन्हा लागायला लागली. स्टुडिओ माझा झाला.

दोनेक वर्षांपूर्वी अशाच पऱ्हाटीच्या दिवसांत एक माणूस दुकानात आला. डोकं नुकतंच केलेलं, आर्णीला मोटारी दुरुस्त करतो म्हणाला. नखांत काळं तेल होतं. कमळाबाईचा मुलगा. माय गेली, तेरवीसाठी भिंतीवर लावायला मोठा फोटो पाहिजे. घरात एवढा एकच चांगला सापडला. त्यानं पिशवीतून तो काढून काउंटरवर ठेवला.

"ताई, हा उभा करून द्या. मायले मधे घ्या आन् ही बाजूची रिकामी जागा तेवढी काढून टाका. कोनं काढला काय माहीत, एका कोपऱ्यात बसवली तिले."

मी फोटो स्कॅनरवर ठेवला. पडद्यावर ती आली. पदर सारखा केलेली, डोळे थोडे बारीक, उन्हामुळं. चौकट ओढून जागा कापायला क्षण लागला असता. माझा हात थांबला. तिनं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचा हक्क माझा होता की नाही, अजून मला ठरवता आलेलं नाही. पण ती जागा कापायचा हक्क तर नक्कीच नव्हता. मी त्याला बसवलं आणि सांगितलं. गाडी, खिडकी, खांब, टेकडी. तो मान खाली घालून ऐकत होता.

"म्हंजे मी दुसरा," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"मी समजत होतो, पह्यला मीच." तो उठून पडद्याजवळ आला आणि मायच्या शेजारच्या त्या मातीकडं बराच वेळ पाहत राहिला. मग बाहीनं नाक पुसलं.

"कापू नोका, ताई. जसा हाय तसाच मोठा करा."

भिंतीवरचे असे फोटो उभेच असतात, तशाच चौकटी दुकानात तयार होत्या. त्यांतली एकही चालली नाही. आडवी बनवून घ्यावी लागली. तो दुसऱ्या दिवशी आला आणि ती दोन्ही हातांनी छातीशी धरून बस स्टँडकडं चालत गेला.